मनिलाचं इंट्रामुरोस : ओरिजिनल किती, रिकंडिशन्ड किती?

बोटीवर होतो तेव्हा मनिलाला सहा-सात वेळा तरी लागलो असेन. पण मनिला म्हणून पाहिलं काय, तर ब्रेकवॉटर, क्रेन आणि एजंटची व्हॅन. कंटेनरची बोट बारा-चौदा तासांत रिकामी होऊन सुटते. तेवढ्यात सेकंड इंजिनिअरने तेल साफ करणारा प्युरिफायर उघडायचा की किल्ले बघायचे? खलाशी निम्मे फिलिपिनो. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, दर खेपेला म्हणायचा, "सेकंड, इंट्रामुरोस नाही बघितलंत तर मनिला नाही बघितलंत." मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. अशा खेपा संपल्या आणि मी रिटायर झालो.

मग भारतीयांना फिलिपिन्समध्ये चौदा दिवस बिनव्हिसाचं जाता येऊ लागलं, तेव्हा बायकोला म्हटलं, चल.

"तिथे बघायला काय आहे?"

"जुना किल्ला आहे. आत चर्च वगैरे."

"वसईत जन्म काढला आणि किल्ला बघायला मनिलाला?"

बिनतोड होतं. आमच्या घरापासून वसईचा किल्ला सायकलने दहा मिनिटांवर. पण तिला न सांगितलेलं एक कारण माझ्याकडे होतं, ते शेवटी येईलच.

आधी जागेबद्दल. इंट्रामुरोस म्हणजे 'भिंतींच्या आत'. स्पॅनिशांनी १५७१ साली मनिला घेतलं, तिथल्या राजा सुलेमानच्या लाकडी तटबंदीच्या जागी आपलं शहर वसवलं, आणि पुढची सव्वातीनशे वर्षं त्यांच्या लेखी 'मनिला' म्हणजे भिंतीआडचे हे साधारण ६४ हेक्टरच. बाकी सगळं बाहेरगाव. भिंतीचा घेर साडेचार किलोमीटरच्या आसपास. तिचं पक्कं बांधकाम १५९० नंतर, गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास याच्या कारकिर्दीत सुरू झालं. हे नाव लक्षात ठेवा.

आम्ही तीन तासांची चालत फिरायची टूर ऑनलाइन बुक केली. दोघांचे तीन हजार पेसो, म्हणजे पावणेपाच-पाच हजार रुपये. बांबूच्या सायकलींवरूनही टूर असते, आणि त्या सायकली दिसायला फार झकास आहेत. पण बायकोच्या गुडघ्याने नकार दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि गाईडला त्याचा त्रास नको. गाईड मात्र पाचपैकी पाच. पन्नाशीची बाई, डोक्यावर वेताची टोपी, हातात छत्री, आवाज लाऊडस्पीकर. बोटीवर शिकलो होतो की वयाने मोठ्या बाईला 'आते' म्हणायचं, म्हणजे ताई. म्हटलं, "गुड मॉर्निंग, आते." बायको कानाशी पुटपुटली, "लगेच आत्या कशी झाली ती तुमची?" दिवसभर हा घोळ चालला.

आतेची पद्धत मला पहिल्या पाच मिनिटांत पटली. प्रत्येक दगडापाशी ती स्वतःहून सांगते की हा कधीचा. फोर्ट सँतियागोच्या दरवाजावर घोड्यावर बसलेल्या संत याकोबाची कोरीव पाटी आहे. सगळे तिथे फोटो काढतात. मीही काढला. मग ती म्हणाली, "सुंदर आहे ना? ही कमान माझ्यापेक्षा वयाने लहान आहे." युद्धात मूळ दरवाजा उडाला, आत्ताचा १९८० च्या दशकात परत बांधलेला. समोर उभे असलेले दोन कोरियन तरुण हिरमुसले. मला उलट बरं वाटलं. तीस वर्षं मशिनरीत काढली आहेत. पार्ट ओरिजिनल आहे की रिकंडिशन्ड, हे आधी सांगणारा माणूस कमी भेटतो.

फोर्ट सँतियागो पासिग नदीच्या मुखाशी आहे. तिकीट ७५ पेसो होतं, ते टूरमध्येच धरलेलं. भिंतीचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, करडा, हात लावला तर भुगा बोटाला लागतो. पासिगच्या वरच्या अंगाला ग्वादालूपेच्या खाणी होत्या, तिथून हा दगड यायचा. इथे त्याला 'अडोबे' म्हणतात. बोटीवरच्या कुकने सहा महिने आम्हाला व्हिनेगर-सोयाचं चिकन 'अडोबो' खाऊ घातलं होतं, त्यामुळे आते दर वेळी 'अडोबे' म्हणाली की मला भूक लागत होती. आमचा वसईचा काळा चिरा हातोडीला दाद देत नाही. हा दगड तोफेचा गोळा गिळतो म्हणे, फुटत नाही. १९४५ मध्ये मात्र गिळता आला नाही.

फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल इथेच कैदेत होता, ३ नोव्हेंबर १८९६ पासून. डोळ्यांचा डॉक्टर, वय ३५, गुन्हा लिहिण्याचा. शेवटची कविता त्याने अल्कोहोलच्या चिमुकल्या शेगडीत लपवून बहिणीच्या हाती बाहेर पाठवली. ३० डिसेंबरच्या सकाळी त्याला बागुंबायानच्या मैदानात नेऊन गोळ्या घातल्या. कोठडीपासून त्याच्या शेवटच्या वाटेवर जमिनीत पितळी पावलं बसवली आहेत. लोक त्यांवर पाय ठेवून चालतात. मीही ठेवून बघितलं. माझा आठ नंबरचा बूट पावलाबाहेर येत होता, आणि दोन पावलांतलं अंतर इतकं कमी की मला थांबत थांबत चालावं लागलं. आते काही बोलली नाही, छत्री मिटून मागून येत राहिली. तिच्या बोलण्याइतकंच तिचं गप्प राहणंही मोजलेलं होतं.

खालच्या तळघरांत उतरता येतं. मला कमरेत वाकून जावं लागलं. १९४५ मध्ये इथे सुमारे ६०० माणसांची प्रेतं सापडली, त्यांना एकत्र पुरलं तिथे पांढरा क्रूस आहे. बायको खाली आली नाही.

आता ते १९४५ सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय इथली एकही इमारत कळत नाही. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च, एक महिना. शहरात अडकलेलं जपानी नौदलाचं सैन्य हटेना, त्यांनी नागरिकांची कत्तल चालवली. बाहेरून अमेरिकन तोफा. जवळपास एक लाख सामान्य माणसं गेली. इंट्रामुरोसमध्ये सात चर्च होती. महिना संपला तेव्हा एक उभं होतं. आते हे सांगताना कुणालाच सोडत नाही, जपान्यांना नाही आणि तोफवाल्यांनाही नाही. त्या माणसांसाठी एका छोट्या चौकात १९९५ साली बसवलेलं शिल्प आहे : मेलेलं पोर मांडीवर घेतलेली आई, भोवती पडलेली माणसं. आम्ही गेलो तो फेब्रुवारीच होता, पायाशी ताजी फुलं होती.

कॅथेड्रलबद्दल थोडक्यात. १९५८ साली पुरं झालेलं, त्या जागेवरचं आठवं. भूकंप, आग, वादळ, युद्ध, सगळं झेलून. आत गारवा आहे, बाकं चांगली आहेत, आमच्या नशिबाने लग्न चालू होतं.

खरी मजा समोरच्या प्लाझा रोमामध्ये. तिथे स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा पुतळा आहे, १८२४ सालचा. मी पुढे निघालो होतो. वसाहतवाल्या राजांचे पुतळे बघून बघून कंटाळा येतो. पण आते म्हणाली, हा पुतळा लसीसाठी आहे, आणि आमच्या सिस्टरबाई जागेवर थांबल्या. बायकोने एकतीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी केली, त्यातली अर्धी लसीकरणात. गोष्ट अशी : देवीची लस मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडून आणायची, आणि बर्फ नाही, फ्रीज नाही. तर डॉक्टर बाल्मिसने २६ मुलगे गलबतावर घेतले. दोघांना लस टोचायची, आठ-दहा दिवसांत फोड भरला की त्यातला द्रव पुढच्या दोघांना, मग त्यांच्याकडून पुढच्यांना. अशी दंडादंडाने लस १८०५ च्या एप्रिलमध्ये मनिलाला पोचली.

"म्हणजे कोल्ड चेन ती मुलंच," बायको म्हणाली. मग तिने आतेला सांगितलं की आमच्या मुंबईतसुद्धा १८०२ साली लस अशीच माणसांच्या दंडांतून, बसऱ्याकडून आली, आणि हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचून घेणारी होती ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची पोर. आतेने टोपीतून छोटी वही काढली आणि नाव लिहून घेतलं. मग दोघी पुतळ्याच्या सावलीत बसून मुलांना परत नेलं का, आया कुठे होत्या, वाटेत खायला काय दिलं असेल, यावर बोलत राहिल्या. आमच्या गटातले कोरियन घड्याळ बघू लागले. टूर पाऊण तास लांबली ती इथे.

जी इमारत बघायला या, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन, ती सॅन अगुस्तीन चर्च. सातांपैकी उभं राहिलेलं ते हेच. आधीची दोन, एक बांबू-झावळ्यांचं आणि एक लाकडी, जळाली. म्हणून तिसरं दगडी. १६०७ साली पुरं झालं. १६४५, १७५४, १८५२, १८६३, १८८० असे मोठे भूकंप त्याने खाल्ले, आणि गमावलं काय तर डावीकडचा घंटेचा मनोरा. आता दर्शनी बाजूला एकच मनोरा, त्यामुळे तोंडातला एक दात पडलेल्या आजोबांसारखं दिसतं. १९९३ पासून जागतिक वारशात आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये मनिला अमेरिकेच्या स्वाधीन करायच्या अटी इथल्याच सॅक्रिस्टीत, म्हणजे पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत, ठरल्या, आणि तीनशे वर्षांआधी शहर वसवणारा लेगास्पी इथेच पुरलेला. म्हणजे स्पॅनिश राज्याची दोन्ही टोकं एका छपराखाली.

मी मात्र भिंती बघत होतो. दीड मीटर जाड. आणि दोन्ही बाजूंनी जी छोटी चॅपल्स आहेत, त्यांच्या मधल्या आडव्या भिंती मुख्य भिंतीला काटकोनात टेकू देतात. इंजिनरूममध्ये आम्ही फ्रेम आणि ब्रॅकेट देतो ना, तेच गणित. बाहेरून नक्षी, आतून नुसतं स्ट्रक्चर. ज्याने कुणी हे आखलं त्याला भूकंप कसा हलवतो ते पक्कं ठाऊक होतं.

आणि छत. आत शिरल्यावर वर बघा : प्लास्टरची उठावाची फुलं, चौकटी, पाकळ्या, वर घुमटाच्या आतली कोरीव नक्षी. मी मनात म्हटलं, हे पुसायला शिडी कशी लावत असतील, केवढी धूळ बसत असेल. आतेने आम्हाला मधल्या वाटेवर उभं केलं. "एक फूल धरा. त्याच्याकडे बघत बघत वेदीपर्यंत चाला." चाललो. फुलाची बाजू दिसायला हवी होती, ती दिसेना. मग लक्षात आलं की उजेड खिडक्यांतून दोन्हीकडून येतोय, पण फुलांच्या सावल्या आपल्या ठरलेल्या कडेलाच. सगळं सपाट आहे. नुसता रंग. १८७५ साली अल्बेरोनी आणि दिबेला नावाच्या दोन इटालियन चित्रकारांनी रंगवलेलं. आपण फसलो हे कळल्यावरही डोळे ऐकत नाहीत. मान खाली घालून परत वर बघितलं की फुलं पुन्हा उठून आलेली. पितळी पट्टीने मोजावंसं वाटलं. सगळ्या दिवसात ओरिजिनलच्या शोधात फिरलेल्या माणसाला सगळ्यात अस्सल इमारतीचं छत असं भेटावं!

शेजारच्या मठाच्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे, टूरमध्ये नाही, पण काढा. दाराशीच मनोऱ्यातली एक प्रचंड घंटा जमिनीवर ठेवली आहे. बायको म्हणाली, "ह्यांची निदान घरात तरी राहिली." आमच्या वसईच्या चर्चमधल्या घंटा १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर देशावर गेल्या, मेणवलीच्या घाटावर एक आहे, भीमाशंकरला एक आहे. लहानपणी सहलीला भीमाशंकरला गेलो तेव्हा गुरुजींनी ती अभिमानाने दाखवली होती, आणि वर्गातली आम्ही वसईची पोरं एकमेकांकडे बघत होतो.

आता तक्रारी.

एक. टूरच्या माहितीत 'कासा मनिला' लिहिलेलं होतं. आम्ही गेलो सोमवारी. सोमवारी कासा मनिला बंद असतं. हे कंपनीला बुकिंग घेताना ठाऊक नव्हतं का? आतेने कपाळाला हात लावला, तिचा काही दोष नव्हता. कंपनीला मेसेज केला तर दोन दिवसांनी उत्तर आलं, 'पुढच्या वेळी सवलत देऊ.' आम्ही मनिलाला पुढच्या वेळी कधी यायचं? सोमवार टाळा, एवढंच लिहून ठेवा.

दोन. टूर संपल्यावर बायकोचा गुडघा बोलू लागला म्हणून घोडागाडी केली. इथे तिला 'कालेसा' म्हणतात. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरियाची धाकटी बहीण, फक्त चाकं दोनच. गाडीवान बोटं दाखवून म्हणाला पन्नास. पाचशे मीटरला पन्नास पेसो, ठीक आहे. उतरल्यावर कळलं की पन्नास हे दर माणशी, दर दहा मिनिटांना, आणि घोड्याने वाटेत पाणी प्यायलं तो वेळही आमचाच. शेवटी तीनशेवर तुटलं. इतकी बंदरं फिरून मी हिशोब आधी लिहून घेतला नाही, म्हणजे चूक माझीच. तुम्ही मोबाईलवर आकडा टाइप करून, 'दोघांचे, शेवटचे' असं म्हणून घ्या.

तीन. ऊन. फेब्रुवारी हा तिथला बरा महिना, तरी साडेदहाला दगड तापतात आणि भिंतीवर सावली कुठेच नाही. टूर नवाची न घेता आठची मिळाली तर घ्या.

भिंतीवरून चालणं फुकट आहे आणि त्यासाठी गाईड लागत नाही. संध्याकाळी आम्ही दोघंच गेलो. खाली जिथे खंदक होता तिथे आता गोल्फ कोर्स आहे. अमेरिकनांनी खंदकाच्या साचलेल्या पाण्याचा रोगराईला भिऊन बंदोबस्त केला, आणि बुजवल्यावर त्या जागेत गोल्फ खेळायला लागले. चारशे वर्षांच्या तटाखाली एक माणूस पांढरी टोपी घालून झुडपात बॉल शोधत होता. नैऋत्येच्या कोपऱ्यात बालुआर्ते दे सॅन दिएगो हा बुरूज आहे. तिथे जमिनीखाली गाडलेला एक गोल दगडी किल्ला खणून काढला आहे, वरून बघितलं तर एकात एक ठेवलेल्या बांगड्यांसारखा. तो अंतोनियो सेदेन्यो नावाच्या जेझुइट पाद्र्याने १५८६-८७ मध्ये बांधला, म्हणजे भिंतीच्याही आधीचा. याच कोपऱ्याकडून १७६२ मध्ये इंग्रज तोफा लावून आत घुसले. त्यांच्या फौजेत मद्रासचे शिपाई होते. इंग्रज १७६४ मध्ये निघून गेले, पण काही शिपाई मागेच राहिले. मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांचे वंशज आहेत. आते सकाळी म्हणाली होती, "तुमचे लोक!" मी म्हटलं, "मद्रासचे." ती म्हणाली, "तेच ते." फिलिपिनो आणि इंडोनेशियन यांत मीसुद्धा वीस वर्षं घोळ घातला आहे, गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आपलं आपण कासा मनिलाला गेलो. हे घर १८५० च्या सुमारासच्या श्रीमंत वाड्यासारखं, पण बांधलंय १९८० च्या दशकात, तेव्हाच्या अध्यक्षांची बायको इमेल्डा मार्कोस हिच्या हौसेने. म्हणजे शंभर टक्के रिप्रॉडक्शन. नाक मुरडत शिरलो. पण अंगणातली फरशी खरी : चिनी ग्रॅनाइट, 'पिएद्रा चायना'. चीनहून येणारी गलबतं हलकी पडू नयेत म्हणून हे दगड तळाशी बॅलास्ट म्हणून भरायचे आणि मनिलात उतरवायचे. आम्ही बॅलास्टला समुद्राचं पाणी भरतो आणि माल चढला की सोडून देतो, त्याची कुणी फरशी करणार नाही. चीनहून इथवर आलेलं रेशीम पुढे गॅलियनमधून, म्हणजे मोठ्या स्पॅनिश गलबतातून, मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जायचं आणि तिथून चांदी यायची. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं ही एक लाइन चालू होती. जाताना चार ते सहा महिने फक्त पाणी. आमचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं असायचं, आणि त्यात वायफाय नसेल तर पोरं युनियनकडे जायची.

वरच्या मजल्यावर खिडक्या. काच नाही. लाकडी जाळीत दोन-दोन इंचांचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात घासून पातळ केलेला शिंपला, इथे त्याला 'कापिस' म्हणतात. गोव्याच्या जुन्या घरांत असतात तीच ही तावदानं, शिंपलाही तोच. बायकोची मावशी म्हापशाला असते, तिच्या घरात एक अशी खिडकी उरली आहे, म्हणून बायकोने लगेच बोट टेकवलं आणि रखवालदाराने लगेच खाकरून दाखवलं. पण जवळून बघण्यासारखंच आहे ते. शिंपल्यावर वाढीच्या वर्तुळाकार रेषा दिसतात, दोन तावदानं एकसारखी नाहीत. बाहेरचं काही दिसत नाही, नुसता उजेड येतो, सायीच्या रंगाचा. बाहेरच्या मनिलाच्या उन्हाने डोळे चुरचुरत होते, ते त्या खोलीत निवले. घर चाळीस वर्षांचं असेना.

(मागच्या बाजूला संडास आहे, शेजारी शेजारी दोन बैठकांचा. बायको म्हणाली, "एवढा श्रीमंत माणूस, आणि सोबत लागते!" तिच्या मते तिकीट इथेच वसूल झालं.)

इथल्या कायद्याने भिंतीच्या आत नवं काही बांधायचं तर ते १८९० च्या काळातल्या स्पॅनिश धाटणीचंच दिसायला हवं. त्यासाठी १९७९ पासून खास प्रशासन आहे. त्यामुळे फास्ट फूडच्या दुकानालाही कौलं आणि शिंपल्याच्या खिडक्या. पहिल्या दिवशी मला हे नाटकी वाटलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. आमच्या वसईत उलट आहे : सगळं ओरिजिनल, आणि त्यावर वडाची मुळं, क्रिकेटचे स्टंप, लग्नाआधीच्या फोटोंसाठी धुराच्या नळकांड्या. आतेला मी मोबाईलवर फोटो दाखवले होते. तिने झूम करून करून बघितले. म्हणाली, "छप्पर कधी घालणार?" तोवर हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मेन इंजिनचा पिस्टन बदलतो, लायनर बदलतो, हेड बदलतो, तरी इंजिनचा नंबर तोच राहतो आणि बोट चालते, हे मी आयुष्यभर केलंय. पण आमच्या किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या पडक्या कमानीला कुणी नवं प्लास्टर केलं तर मीच पहिला भांडायला जाईन. दोन्ही मतं माझीच, काय करू.

पाचपैकी किती? गाईडला पाच, सॅन अगुस्तीनला पाच, कंपनीला अडीच, घोड्याला पाच, गाडीवानाला एक. पिण्याचं पाणी बरोबर ठेवा, पायात बूट घाला, सुटे पेसो ठेवा, आणि 'आते, हे कधीचं?' हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

आता ते कारण. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत, जन्म आमच्या वसईचा, १५५६-५७ चा. वसईतल्या गास गावच्या चर्चला त्यांचं नाव, कॉलेजला त्यांचं नाव. मी त्याच कॉलेजातून बारावी झालो. लहानपणापासून ऐकलेलं ते एवढंच की जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत आपल्या गावचा माणूस. पण वसईहून निघालेला माणूस त्या २६ जणांत पोचला तो मनिलामार्गे. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, मग व्यापार केला, आणि मनिलाला येऊन फ्रान्सिस्कन मठात साधे बंधू झाले. १५९३ मध्ये त्याच दासमारिन्यास गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठवली, तेव्हा बरोबर दुभाषा म्हणून यांना नेलं. म्हणजे ही भिंत उभी राहताना त्यांनी पाहिली असणार. आणि तेव्हा वसईचा राजाही तोच होता जो मनिलाचा, दुसरा फिलिप. १५८० ते १६४० पोर्तुगाल आणि स्पेन एकाच मुकुटाखाली होते. घरापासून एवढ्या लांब येऊन माणूस राजा बदलू शकला नाही.

फ्रान्सिस्कनांचं चर्च १९४५ मध्ये गेलं. त्या जागेवर आज मापुआ विद्यापीठ आहे. आतेने सोमवारी नकाशावर पेनाने गोल करून दिला होता. मंगळवारी दुपारी आम्ही फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. गळ्यात आयकार्ड घातलेली पोरं आत-बाहेर करत होती, कोपऱ्यावर एक बाई उकडलेली मक्याची कणसं विकत होती. जुना दगड एकही दिसला नाही. बायकोने फोनमधून गासच्या सणाचा फोटो काढला, चर्चवर माळा लावलेला, आणि तो फाटकाच्या दिशेने थोडा वेळ धरून ठेवला. मी तिला विचारलं नाही की हे काय.

सिक्युरिटी गार्ड जवळ आला. पोरगेला, विशीतला.

"कुणाला भेटायचंय, सर?"

"भेटायचं नाही," मी म्हटलं. "आमच्या गावचा एक माणूस इथे राहायचा."

त्याने हातातलं रजिस्टर उघडलं.

"कुठल्या डिपार्टमेंटला?"